छंदाला हिशेबाची जोड

गणेशोत्सव जवळ येऊ लागला की पुण्यामुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या मध्यमवर्गीय वसाहतींमधून एक दृश्य हटकून दिसू लागते. कुणाच्या गच्चीवर शाडूच्या मूर्ती वाळत असतात, कुणाच्या बैठकीच्या खोलीत कापडी मखरांचे तुकडे पसरलेले असतात. नवरात्र सरते न सरते तोच आकाशकंदिलांचे सांगाडे उभे राहतात, पणत्या रंगू लागतात, किल्ल्यांवर मांडायच्या मावळ्यांना रंगाचा शेवटचा हात दिला जातो. पूर्वी ही सारी लगबग शेजारीपाजारी आणि गणगोतापुरती असे. आता भ्रमणध्वनीवर एक छायाचित्र टाकले की डोंबिवलीत रंगवलेल्या पणतीला बंगळुरूहून मागणी येते आणि २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे तिचे पैसेही क्षणात खात्यावर जमा होतात. दुकानाचे भाडे नाही, पागडी नाही, व्यापाऱ्याची मनधरणी नाही. घरातल्या हुन्नराला थेट बाजाराचे दार उघडून देणारी अशी सोय या देशात यापूर्वी कधीच नव्हती.

हे चित्र आनंदाचे आहे. परंतु ते अपुरे आहे. दिवाळीत उमेदीने सुरू झालेले यांपैकी किती उद्योग मकरसंक्रांतीपर्यंत टिकतात, हा प्रश्न ज्या त्या घराने स्वतःला विचारून पाहावा. पहिल्या वर्षी कौतुक होते, दुसऱ्या वर्षी दमछाक होते आणि तिसऱ्या वर्षी रंगांचा डबा माळ्यावर जातो. दोष कलेचा नसतो. हात तेवढेच कुशल असतात, ग्राहकही समाधानी असतात. तरीही उद्योग बसतो, कारण त्याचा हिशेब कधी मांडलेलाच नसतो. आपल्या समाजात कला आणि हिशेब यांचा उभा दावा आहे, अशी एक समजूत खोलवर रुजलेली आहे. कलावंताने पैशाचा विचार केला तर कला बाटते, आणि ज्याला पैसा समजतो त्याला कलेतले काय कळणार, असे हे दुहेरी अज्ञान आहे. त्याची किंमत आजवर अनेक गुणवंतांनी मोजली आहे आणि आज ती घराघरांतल्या मुली, गृहिणी आणि नोकरी सांभाळून रात्री जागणारे तरुण मोजत आहेत.

या संदर्भात दोन जुनी उदाहरणे आठवावीत. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. संस्थानिकांच्या दरबारात लागलेली देवादिकांची चित्रे सामान्य माणसाच्या देवघरात पोहोचावीत, हा त्यामागचा विचार त्या काळाच्या कितीतरी पुढचा होता. मूळ तैलचित्र एखाद्याच महाराजांना परवडणार. छापील प्रत मात्र हजारो घरांत जाणार, हे गणित रविवर्मांना अचूक उमगले होते. चित्रे घरोघरी पोहोचलीही. परंतु छापखाना चालवणे आणि चित्र काढणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. परदेशी यंत्रांचा खर्च, कर्जाचा बोजा, त्यातच मुंबईवर कोसळलेले प्लेगचे संकट यांनी कारखाना जेरीस आला. तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवण्यात आला आणि विसावे शतक उजाडता उजाडता एका जर्मन तंत्रज्ञाला चित्रांच्या छपाईच्या हक्कांसह विकावा लागला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. नव्या मालकाच्या हाती तोच छापखाना पुढे अनेक वर्षे चालला. त्याने देवादिकांच्या चित्रांच्या जोडीला लेबले आणि जाहिरातचित्रे छापण्याची कामेही घेतली. चित्रे तीच, यंत्रे तीच, बाजारपेठही तीच होती. बदलला होता तो केवळ व्यवहार.

त्याच मळवलीच्या छापखान्यात काही काळ काम केलेले धुंडिराज गोविंद फाळके पुढे चित्रपटाच्या ध्यासाने झपाटले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ साली लंडनला जाऊन आले, सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. या त्यागापुढे नतमस्तकच व्हावे. परंतु १९१८ साली भागीदारांसह उभी राहिलेली हिंदुस्थान फिल्म कंपनी हे कलेच्या आणि भांडवलाच्या सततच्या कुरबुरीचे घर ठरले. भारतीय चित्रपटसृष्टीच्या या जनकाने १९४४ साली नाशिक येथे अखेरचा श्वास घेतला, तेव्हा त्यांनी जन्माला घातलेला उद्योग वैभवात होता आणि ते स्वतः विपन्नावस्थेत होते. दागिने गहाण ठेवण्याची कथा आपण अभिमानाने सांगतो. भागीदारीचा करार कसा असावा, कलावंताचे हक्क कागदावर कसे राखावेत, हा त्याच कथेचा दुसरा धडा मात्र मुलांना कुणी शिकवत नाही.

याउलट, कला आणि व्यवहार यांचा मेळ घालणारी उदाहरणेही याच मातीतली आहेत. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्यासमोर तेवीस खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे स्वप्न होते. त्यासाठी ते कुणा संस्थानिकाच्या आश्रयाची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी ज्ञानकोश मंडळ नावाची मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव हिंडून आगाऊ वर्गणीदार मिळवले आणि काम तडीस नेले. पुढे त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने त्या सर्व खटाटोपाचा इतिहासही लिहून ठेवला. विद्वानाने आपल्या विद्येच्या व्यवहाराचा जमाखर्च इतक्या मोकळेपणाने समाजापुढे मांडावा, हे आजही विरळाच. वृत्तपत्रांतून भविष्य लिहिणारे जयंतराव साळगावकर यांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केले, तेव्हा पंचांगातले क्लिष्ट ज्ञान सामान्य गृहिणीला एका दृष्टिक्षेपात समजावे, एवढी साधी गरज त्यांनी ओळखली होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दिनदर्शिका ही दरवर्षी नव्याने घ्यावी लागणारी वस्तू आहे. एकदा जोडलेला ग्राहक पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा येतो. पानांच्या मागे साहित्य आणि पाककृती देऊन त्यांनी त्या ग्राहकाला घट्ट बांधून घेतले. टिकाऊ उद्योगाचे मर्म ग्राहक पुनःपुन्हा येण्यात असते, पहिल्या विक्रीच्या आनंदात नसते.

आजच्या ऑनलाइन उद्योगाकडे या दृष्टीने पाहिले की पहिली त्रुटी किमतीत सापडते. एक साधा हिशेब मांडून पाहू. एखादी गृहिणी कापडावर हाताने रंगवलेले तोरण ३५० रुपयांना विकते असे धरू. कापड, रंग, मणी मिळून ११० रुपये, वेष्टनाचे २५, कुरिअरचे ७० आणि ज्या विक्रीमंचावरून ते विकले गेले त्याचे शुल्क दहा टक्के म्हणजे ३५ रुपये. हाती उरले ११० रुपये. दहांतले एखादे तोरण वाटेत खराब होते किंवा परत येते आणि नवे पाठवावे लागते. तो साधारण २०० रुपयांचा भुर्दंड दहा तोरणांवर वाटला, तर प्रत्येकी २० रुपये आणखी कमी होतात. म्हणजे उरले ९०. तोरणाला तीन तास लागत असतील, तर तासाला ३० रुपये पडले. त्यात ग्राहकांच्या शंकांना रात्री अकरा वाजता दिलेली उत्तरे, छायाचित्रे काढण्याचा वेळ, कुरिअरच्या कार्यालयातले हेलपाटे धरलेलेच नाहीत. हंगामात तीस तोरणे विकून २,७०० रुपये हाती आले, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. परंतु त्यासाठी नव्वद तास खर्ची पडले, हे कुणी मोजलेच नाही.

हिशेब उलट्या दिशेने करून पाहावा. आपल्या तासाचे मोल निदान १०० रुपये धरायचे, तर श्रमाचे ३०० रुपये, साहित्य, वेष्टन व कुरिअर यांचे २०५ आणि नुकसानीचे २० मिळून ५२५ रुपये होतात. दहा टक्के शुल्क वजा जाता एवढे हाती पडायचे असेल, तर किंमत ५८५ रुपयांच्या घरात ठेवावी लागते. ‘एवढे कोण देणार?’ हा पुढचा प्रश्न. उत्तर दोनच प्रकारे देता येते. एक तर तीन तासांचे काम दीड तासात व्हावे अशी पद्धत बसवायची, किंवा ५८५ रुपये देणारा ग्राहक शोधायचा. तिसरा मार्ग म्हणजे आपल्या श्रमाचे मोल शून्य धरणे. दुर्दैवाने बहुतेक घरांत नकळत हाच मार्ग निवडला जातो आणि मग दोन वर्षांनी थकलेले हात ‘आता पुरे’ म्हणतात.

रविवर्मांचे ते जुने गणित येथे कामास येते. हाताने केलेली मूळ कलाकृती ही नेहमीच थोडी आणि महाग राहणार, आणि तशीच ती राहिली पाहिजे. तिच्यावरून निघणाऱ्या छापील प्रती, दिनदर्शिका, शुभेच्छापत्रे ही अनेकांना परवडणारी दुसरी पायरी. आणि ती कला शिकवण्याचे वर्ग, मग ते समोरासमोर असोत वा पडद्यावरून, ही तिसरी पायरी. पहिल्या पायरीवर नाव होते, दुसरीवर पसारा वाढतो आणि तिसरीवर महिन्याचा खर्च भागतो. अर्थात या तिन्ही पायऱ्या एकाच वर्षी चढण्याची घाई करू नये. एक वस्तू, एक ग्राहकवर्ग, एक हंगाम नीट बसवावा आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

हंगामाचा प्रश्नही असाच सोडवण्याचा आहे. १९५९ साली गिरगावात सात भगिनींनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यांच्या ‘लिज्जत’चे यश सर्वांना ठाऊक आहे. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले होते, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात नसते. दुसऱ्या वर्षी त्या भगिनींनी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा! उपाय अगदी घरगुती; परंतु त्याने बारमाही उद्योगाचा पाया घातला. दिवाळीच्या कंदिलावर विसंबलेल्या घराने आपली ‘खाट आणि स्टोव्ह’ कोणते, हे शोधलेच पाहिजे. लग्नसराईतील रुखवत, मुंजीची निमंत्रणे, शाळांची सुटीतील शिबिरे, कार्यालयांकडून वर्षारंभी येणारी भेटवस्तूंची मागणी असे अनेक मार्ग बारा महिन्यांत विखुरलेले आहेत.

ऑनलाइन उद्योगाचा दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. येथे दुकान स्वतःचे वाटते. जागा मात्र परक्याची असते. १५ जून २०२० रोजी गलवानच्या खोऱ्यात भारतीय जवानांनी बलिदान केले आणि २९ जून रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. राष्ट्राच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्या एका रात्रीत खेड्यापाड्यांतील असंख्य गुणी तरुणांचा वर्षानुवर्षे जमवलेला प्रेक्षकवर्ग नाहीसा झाला. ज्यांनी आपल्या चाहत्यांची नावनिशी स्वतंत्रपणे जपली होती, ते दुसऱ्या मंचावर पुन्हा उभे राहिले. ज्यांच्यापाशी केवळ ‘आकडा’ होता, त्यांच्या हाती काहीच उरले नाही. परकीय मंचाची धोरणे उद्या कुणाच्या सोयीने बदलतील हे कुणालाच सांगता येत नाही. शुल्क वाढेल, जाहिरातीचे पैसे दिल्याखेरीज छायाचित्र कुणाला दिसणार नाही, खाते विनाकारण बंद होईल. म्हणून त्या मंचांचा उपयोग बाजारातल्या चौकासारखा करावा. चौकात ओळख करून घ्यावी आणि व्यवहार आपल्या ओसरीवर आणावा. ग्राहकांची संमतीने घेतलेली नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक यांची वही आणि स्वतःच्या नावाचे छोटेसे संकेतस्थळ ही ती ओसरी होय.

परदेशातल्या मागणीचेही तसेच. अमेरिकेतील, आखातातील, युरोपातील मराठी कुटुंबांना गणपतीची मूर्ती, हळदीकुंकवाचे वाण, मुलांसाठी मराठी गोष्टींची पुस्तके हवी असतात आणि ती ती कुटुंबे योग्य मोबदलाही देतात. २०२२ पासून टपाल खात्याने डाक घर निर्यात केंद्रे सुरू केल्यामुळे छोट्या निर्यातदाराची वाटही सुकर झाली. परंतु २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी रद्द केली आणि भारतीय टपाल खात्याला तिकडे जाणारी बहुतेक पार्सले काही आठवडे थांबवावी लागली. केवळ त्या एका देशावर विसंबलेल्यांचा ऐन सणासुदीचा हंगाम त्यात सापडला. सारी अंडी एकाच टोपलीत न ठेवण्याचे शहाणपण पुस्तकातले वाटते. पण सगळे पेरणीचे बियाणे एकाच वावरात टाकू नये, हे कोणताही शेतकरी जाणतो.

अमेरिकी लेखक केव्हिन केली यांनी २००८ साली असा विचार मांडला की, कलावंताला जगण्यासाठी लाखो प्रेक्षकांची गरज नसते. त्याचे प्रत्येक काम आवर्जून विकत घेणारे हजार सच्चे चाहते पुरेसे असतात. जगभर या विचाराचा बोलबाला झाला. मराठी वाचकाला मात्र त्यात नवल वाटू नये. दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी, मासिकांचे वर्गणीदार, ग्रंथांची प्रकाशनपूर्व सवलत या सगळ्या त्याच विचाराच्या देशी परी आहेत. केतकरांचे वर्गणीदार आणखी कोण होते? लाखो ‘पसंत्यां’च्या मागे धावण्यापेक्षा शंभर घरांचा विश्वास जोडणे हे कष्टाचे असले तरी टिकाऊ असते. सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणतेही चित्र क्षणार्धात तयार होते. अशा काळात तर वस्तू कुणी केली, कशी केली, तिच्यामागे कोणते घर आणि कोणते हात आहेत, या विश्वासालाच खरे मोल येणार आहे.

विश्वासाचा हा व्यवहार कायद्याच्या चौकटीत असावा लागतो. त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. उद्यम नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आणि पूर्णपणे विनामूल्य आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये. अशा नोंदणीकृत सूक्ष्म उत्पादकाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत, असे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे. वस्तूंची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. मोठ्या विक्रीमंचांवरून विकणाऱ्यांना पूर्वी ही सवलत नव्हती. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा छोट्या विक्रेत्यांना काही अटींवर आपल्याच राज्यात विक्री करण्याची मुभा मिळाली आहे. राज्याबाहेर माल पाठवण्यापूर्वी मात्र जाणत्या करसल्लागाराला विचारावे. खाद्यपदार्थ करणाऱ्यांनी अन्नसुरक्षा नोंदणीकडे दुर्लक्ष करू नये.

कलावंताच्या हक्कांची बाजू तर अधिकच दुर्लक्षित आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्र काढले जाताच त्याचा हक्क निर्माण होतो आणि तो चित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षे टिकतो. परंतु त्याच कायद्यात एक मेख आहे. एखादी नक्षी रचनाकृती म्हणून नोंदवण्याजोगी असूनही नोंदवली नाही आणि ती नक्षी असलेली वस्तू यांत्रिक पद्धतीने पन्नासाहून अधिक वेळा तयार केली, तर तिच्यावरील स्वामित्वहक्क संपुष्टात येतो. घरगुती उद्योग वाढून छपाई किंवा साच्यांपर्यंत पोहोचला की नेमक्या या वळणावर नक्कल करणारे पुढे सरसावतात. यशाच्या उंबरठ्यावर हात चोळत बसण्यापेक्षा आधीच नोंदणी करणे शहाणपणाचे.

जसा स्वतःचा हक्क, तसाच दुसऱ्याचाही. शहरातील अनेक हौशी कलावंत वारली चित्रांनी कुर्ते आणि कप सजवतात. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जिव्या सोमा मशे यांनी ती कला लग्नाच्या चौकातून जगाच्या दालनांत नेली आणि २०११ साली त्यांचा पद्मश्रीने गौरव झाला. जी कला एका समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कुडाच्या भिंतींवर जपली, तिच्या बळावर शहरात नफा कमवायचा आणि त्या पाड्यांवरच्या कलावंतांचे नावही घ्यायचे नाही, हा व्यवहार नव्हे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्रादा या कंपनीने मिलान येथे कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचा उल्लेखही न करता मांडल्या, तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली आणि कंपनीला त्यामागील भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली. तो संताप रास्त होता. परंतु मिलानला लावलेला निकष आपल्या घरातल्या कुर्त्यांनाही लागू पडतो. पालघरच्या पाड्यावरील चित्रकाराला सहभागी करून घेणारा, त्याचे नाव आणि वाटा देणारा उद्योगच ताठ मानेने उभा राहू शकतो.

आणखी एका मोहापासून तरुणांना सावध करणे अगत्याचे आहे. एका हंगामात चांगली विक्री झाली की नोकरी सोडण्याचे विचार घोळू लागतात. यशस्वी माणसांच्या कथांमध्ये राजीनाम्याचा क्षण फार रंगवून सांगितला जातो. ज्यांनी राजीनामा दिला आणि ज्यांचा उद्योग बुडाला, त्यांच्या कथा कुणी सांगत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, या म्हणीत भित्रेपणा नाही. उद्योगाचे बँक खाते घरखर्चापासून पहिल्या दिवसापासून वेगळे असावे. सलग बारा महिन्यांचा जमाखर्च लिहिलेला असावा. त्या बारा महिन्यांत, स्वतःच्या श्रमाचे पैसे धरून, घराचा किमान अर्धा खर्च उद्योगातून भागला असेल आणि सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असेल, तरच नोकरीच्या प्रश्नाचा विचार करावा. कर्ज काढायचे ते मागणी हाती आहे आणि यंत्र कमी पडते आहे म्हणून. मागणी येईल या आशेवर नव्हे.

आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की प्रत्येक छंदाचा धंदा व्हायलाच हवा असे नाही. संध्याकाळी पेटीवर बोटे फिरवणाऱ्या माणसाने त्याचे पैसे किती होतील, हा विचार करू नये. मनाला विसावा देणारी गोष्ट बाजारात नेली की ती कधीकधी विसावा देणे थांबवते. आज जो तो ‘हे विकता येईल का?’ असे विचारू लागला आहे, तेही काही निरोगीपणाचे लक्षण नव्हे. निर्णय कोणताही असो, तो जाणीवपूर्वक घेतलेला असावा. छंद आहे तर तो मोकळेपणाने छंद म्हणून करावा. व्यवसाय आहे तर त्याची वही लिहावी. वही न लिहिता व्यवसायाचे कष्ट आणि छंदाचा मोबदला पत्करणे, हीच खरी फसगत आहे.

या फसगतीत समाजाचाही वाटा आहे. ‘घरचीच मुलगी, तिला काय पैसे द्यायचे!’ असे म्हणत रांगोळी, मेंदी, निमंत्रणपत्रिका, सजावट फुकटात करून घेण्याची रीत सुशिक्षित घरांतही आहे. सार्वजनिक कार्यक्रमांत मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे पैसे विनातक्रार दिले जातात. बोधचिन्ह काढून देणाऱ्या तरुणाला मात्र ‘सेवा’ म्हणून हातात श्रीफळ ठेवले जाते. सेवा ही स्वेच्छेने द्यायची गोष्ट आहे, ती मागून घ्यायची नसते. कार्यकर्त्यांच्या घरांनी या बाबतीत वेगळा पायंडा पाडावा. नात्यातल्या कलावंताकडून वस्तू घेताना घासाघीस न करता पूर्ण किंमत द्यावी. वस्तीतल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी अशा दोन घरांचा जमाखर्च बसवून द्यावा. निवृत्त बँक अधिकाऱ्याने कर्जाचे कागद समजावून सांगावेत, वकिलाने करारपत्राचा मसुदा पाहून द्यावा. यासाठी वेगळी संस्था लागत नाही, आठवड्यातला एक तास पुरतो.

लोकमान्यांच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. परक्या मालावरचा बहिष्कार हे स्वदेशीचे अर्धे अंग होते. आपल्या माणसाच्या हुन्नराला भांडवल आणि ग्राहक मिळवून देणे हे दुसरे अर्धे अंग होते. आज त्या हुन्नराला बाजार दारापर्यंत चालत आलेला आहे. रविवर्मांना जी यंत्रे परदेशातून मागवावी लागली, त्यांहून अधिक सामर्थ्य आज प्रत्येकाच्या खिशात आहे. उणीव आहे ती एका वहीची, आणि तीत स्वतःच्या श्रमाचे मोल न संकोचता लिहिण्याच्या धैर्याची. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला ज्या घरात रंगांच्या डब्याशेजारी जमाखर्चाची वहीही मांडली जाईल, त्या घरातला रंगांचा डबा माळ्यावर जाणार नाही.